मधलं पाणी

“सरका बाजूला! हितं पाणी हाय. साडेचार हातांवर गोडं पाणी!”

असं म्हणून माझ्या सासऱ्यांनी पहार उचलली आणि थेट चुलीवर घातली. मेहुण्याच्या बायकोनं, कौसा वहिनीनं, पातेलं झटकन ओढून घेतलं म्हणून दूध तेवढं वाचलं. चूल गेली. तव्यावरची भाकरी राखेत उताणी पडली आणि म्हातारा पुढच्या घावासाठी पहार उगारून उभा राहिला. नेमक्या त्याच घटकेला मी आणि माझी बायको शालन उंबऱ्यात पाय टाकत होतो. माझ्या हातात द्राक्षांची पिशवी, तोंडावर जावयाचं हसू.

“तात्या!” शालन किंचाळली.

सासऱ्यांनी मान वळवली. लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“कुठल्या गावचं म्हनायचं तुमी?” त्यांनी मला विचारलं. “जरा दम काढा. पाणी लागलं की पयला पेला तुमास्नीच.”

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत सासऱ्यांनी माझ्याशी एकदम एवढं बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

हैबती तात्या म्हणजे आमच्या दुष्काळी पट्ट्यातला नामांकित पाणाड्या. उंबराची बेचकी दोन्ही हातांत धरायची, अनवाणी चालायचं, बेचकी खाली वळली की तिथं कुदळ मारायची. सत्तर गावांतल्या विहिरी त्यांनी दाखवलेल्या. एकदा म्हणे एसटीतून जाताना पिशवीतली बेचकी पिशवीसकट गर्रकन फिरली, शेजारणीच्या टोपलीतली कोंबडी ओरडली, ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक मारला, आणि गाडी थांबली तिथं खणल्यावर दहा हातांवर झरा लागला. मी तेव्हा गाडीत नव्हतो. पण ती कोंबडी मी नंतर खाल्ली आहे, त्यामुळं गोष्ट खरी मानतो.

आता माझं सांगतो. मी जनार्दन, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. रक्त, थुंकी, लघवी तपासायची. सोयरीक ठरवताना मध्यस्थानं सासऱ्यांना “मुलगा दवाखान्यात सायेब हाय” एवढंच सांगितलं होतं. सायेब नक्की काय करतो ते त्यांना लग्नानंतर कळलं, आणि तेही भर बाजारात. न्हावी म्हणाला, “भले हैबती! तू पाणी हुडकतोस आन् जावई मूत हुडकतो. जोडी जमली की!” तेव्हापासून तात्यांनी गावात सांगायला सुरुवात केली, “आमचं पाव्हणं पाणीखात्यात हायती.” मी कधी खोडलं नाही. म्हटलं, फार चुकीचंही नाही.

पण तात्या माझा मान ठेवायचे, तो कसा? मी गेलो की मला पाटावर बसवायचं आणि स्वतः चार हात लांब खांबाला टेकायचं. मी तांब्याला हात लावला तर पोराच्या अंगावर ओरडायचं, “विलास, पाव्हणं तांब्या उचलत्यात, तुला दिसत न्हाई?” बोलणं एवढंच, “काय पाव्हणं, पाऊसपाणी?” मी म्हणायचो, “बरं आहे मामा.” झालं. एवढ्या मानानं माणसाची पाठ दुखायला लागते.

तर चूल फुटलेली, वहिनी पदरानं डोळे पुसतेय, आणि माझा मेहुणा विलास बापाच्या हातातली पहार सोडवतोय. सोडवली, त्यांना पडवीत नेऊन बसवलं, आणि मग तो माझ्याजवळ आला.

“दाजी, आठ दिस झालं आसं चाललंय. काल गोठ्यात म्हशीच्या पायाखाली पाणी दावत हुतं. आयला हाका मारत्यात. आय जाऊन चौदा वर्सं झाली. शुक्रवारी जीप सांगितलीया. शहरात न्हेतो.”

“कुठं?”

“येड्यांच्या इस्पितळात. आजून काय करू? परवा ह्येंच्या हातनं म्हातारी शेजारीण वाचली. तिच्या खाटंखाली बी पाणी हुतं.”

शालन माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी इथं लिहीत नाही. नवऱ्यांना ते ओळखीचं असतं.

मला आमच्या डॉक्टर सबनीस बाई आठवल्या. त्या नेहमी म्हणायच्या, “म्हातारपण पायी येतं, जनार्दन. जे जीपमधून येतं ते म्हातारपण नसतं, आजार असतो. म्हातारं माणूस एकाएकी बरळायला लागलं की आधी लघवी तपास.”

“ताप येतोय का?” मी विचारलं.

“मधनं मधनं. गावच्या कंपाउंडरनं दोन बाऱ्या गोळ्या दिल्या. उपेग न्हाय.”

“आणि लघवीला?”

वहिनी आत गेली. विलास जमिनीकडं बघून म्हणाला, “दाजी, काय बी इचारता व्हय?”

“विलास, हे लघवीतल्या जंतूंचं असेल तर तात्या आठ दिवसांत बरे होतील. उद्या सकाळची पहिली लघवी बाटलीत घालून पहिल्या एसटीनं आण. बाटली स्वच्छ पाहिजे, एवढं लक्षात ठेव.”

“सवच्छ,” आतून वहिनी म्हणाली. “त्ये माझ्याकडं लागलं.”

तिथंच मी फसलो. पण ते मला दोन दिवसांनी कळायचं होतं.

मंगळवारी विलास बाटली घेऊन आला. आमच्याकडं माणसं कशाकशातून नमुने आणत, सांगितलं तर तुम्ही जेवण सोडाल. लोणच्याची बरणी, अत्तराची कुपी. एकानं तर दुधाची किटली भरून आणली होती आणि वर म्हणाला, कमी पडली तर सांगा. पण ही बाटली! घासून लख्ख. तोंडाला नवं फडकं, फडक्यावर दोऱ्याची गाठ, आणि गाठीत चक्क तुळशीचं पान. मला गहिवरून आलं.

मी थेंब काचेवर घेतला, मायक्रोस्कोपच्या आरशात ऊन पकडलं आणि डोळा लावला. जंतूंशी लढणाऱ्या पू-पेशी होत्या, पण फाटक्या-तुटक्या, जत्रेत मार खाल्ल्यासारख्या. म्हणून ताटलीत पेरलं. ही ताटली म्हणजे काचेची चपटी डबी, तिच्यात जंतूंना आवडणारी खीर थिजवलेली असते. माणसाच्या अंगाएवढ्या उबेत एक दिवस ठेवली की लघवीतला एकेक जंतू वाढून टिकलीएवढा ठिपका होतो. कोणता जंतू, किती, सगळं त्यावरून कळतं.

बुधवारी सकाळी ताटली काढली. कोरी! एक ठिपका नाही. आमची आत्या जेवून उठल्यावर तिचं ताट असतं तशी स्वच्छ.

“जंतू नाहीत,” सबनीस बाई म्हणाल्या. “पेशी आहेत पण खात्री नाही. कंपाउंडरच्या गोळ्या आधीच फुकट गेल्यात. कोणतं औषध लागू पडेल हे कळल्याशिवाय मी या वयाच्या माणसाला उगाच सुया टोचणार नाही. काहीतरी चुकलंय, जनार्दन.”

विलास तिथंच बाकावर बसला होता. तो उठला. “म्हंजी कोरा रिपोट. दाजी, तुमी केलंत तेवढं लई झालं. शुक्रवारची जीप ठरल्याली हाय ती हाय.”

मी त्याच्याबरोबरच एसटीत बसलो. सोबत घेतली ती लॅबमधली बाटली, वाफेत शिजवून निर्जंतुक केलेली, आणि एका थर्मासमध्ये बर्फ.

वहिनी नवी चूल लिंपत होती. मी उकिडवा बसलो. “वहिनी, बाटली कशी धुतली होती?”

“सात पाण्यानं, दाजी.”

“आणि मग?”

“मग ऊन दावलं. मग भरली.”

“आणि मग?”

ती चाचरली. हात मातीत तसेच राहिले. “आवो, तुमी जावई. तुमच्या हातात जायाचं हुतं. असलं घाण कसं धाडावं? इहिरीत टाकायची टीसीएल पावडर हुती पंचायतीची. पाणी सुद्द करत्यात न्हवं? पानाड्याच्या घरात एवढं तरी कळतंय. चिमूटभर टाकली.”

मी जमिनीवर बसलोच. त्या चिमटीत आख्ख्या विहिरीचे जंतू मरतात. बाईनं सासऱ्याचा आजार निर्जंतुक करून, वर तुळशीचं पान ठेवून, जावयाकडं धाडला होता. एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नाही.

“चुकलं व्हय?” ती रडवेली झाली.

“नाही वहिनी. तुमचं काही चुकलं नाही. मीच सांगायला चुकलो.”

आता नवा नमुना हवा होता, आणि तो नीट. विलासला म्हटलं तर तो म्हणाला, “काल कसंबसं जमलं. आज आल्याधरनं दोनदा इचारलं. बाटली बघितली की भिरकावत्यात. वळखत न्हाईत मला, पर लाज मातूर शाबूत हाय. आन् तुमी तर जावई. तुमच्या म्होरं? जीव देतील.”

तात्या मळ्यात बांधावरच्या हिवराच्या झाडाखाली बसले होते. हातात बेचकी, ओठ सुकलेले, डोळे कुठंतरी लांब. मी शेजारी बसलो. शेजारी, चार हातांवर नव्हे. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

“रामराम. कुठल्या गावचं?” ते म्हणाले.

म्हटलं, जावई नाही ना मी आत्ता? मग बरंच आहे की.

“लांबून आलोय, तात्या. पाणी पाहिजे.”

“किती लांबनं?”

“नऊ वर्षं चालतोय.”

“बाबौ!” ते खूश झाले. “मंग दावलंच पायजे. पर आईक, पाणी लागलं म्हनून लगीच तोंड लावायचं न्हाई. पयलं पाणी वाहू द्यायाचं. त्यात वरचा गाळ असतो, कडंची घाण असती. त्ये पाण्याचं खरं रूप न्हवं. शेवटचं तळाचं. त्ये बी सोडायचं. मधलं धरायचं. मधलं पाणी खोटं बोलत न्हाई.”

पाठ्यपुस्तकात आम्हाला दीड पानभर हेच शिकवलं होतं. पहिली धार सोडा, मधली बाटलीत घ्या, शेवटची सोडा. ह्या म्हाताऱ्यानं ते दोन विड्यांच्या वेळात सांगितलं.

“तात्या,” मी म्हटलं, “एक झरा लई दिवस झाले बिघडलाय. माणसाच्या आतला. पाणी गढूळ येतंय, डोक्यात चढतंय. त्याचं मधलं पाणी मला बघायचंय. तुम्हीच धरून देऊ शकता.”

“कुनाचा झरा?”

“तुमचा.”

ते बाटलीकडं बघत राहिले. मला वाटलं, आता भिरकावणार. पण ते उठले. “आसं म्हन की मंग. कामाचं हाय व्हय.”

मी त्यांना हात धुवायला लावले, सगळी स्वच्छता करायला लावली, ओल्या फडक्यानं, पोरासारखी. मग आम्ही दोघं हिवराच्या पलीकडं गेलो आणि मी पाठ करून उभा राहिलो. मागून आवाज येत होता, त्यांचा. स्वतःलाच हुकूम सोडत होते. “ह्ये पयलं. जाऊ दे. आता ह्ये. धर. बास. शेवटचं सोड.”

“घ्या,” ते म्हणाले.

मी वळलो. बाटली ऊन होती. माझ्या हातात देताना त्यांची नजर माझ्या तोंडावर पडली आणि तिथंच अडकली. धुकं एका क्षणापुरतं विरलं असावं.

“पाव्हणं?” ते पुटपुटले. “तुमी? तुमच्या हातात म्या ह्ये—”

आणि त्यांनी पटक्याचं टोक तोंडावर ओढून घेतलं. खांदे हलत होते. मी एका हातात बाटली धरून दुसऱ्या हातानं त्यांना धरलं. काय बोललो आठवत नाही. बहुधा “पाऊसपाणी बरं आहे मामा” असलंच काहीतरी बोललो असेन. पडवीत पोचेपर्यंत ते मला पुन्हा विसरले होते.

बाटली बर्फात घालून साडेपाचला लॅब गाठली. काचेवर थेंब, आणि बघतो तर पू-पेशींचा बाजार भरलेला! खांद्याला खांदा. मधून जंतूंच्या काड्या सुळसुळतायत. मी ताटलीत पेरलं. एरवी आधी जंतू वाढवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर औषधं अजमावायची अशी रीत. पण शुक्रवार उभा ठाकलेला. म्हणून बाईंना विचारून औषधांच्या कागदी टिकल्या त्याच ताटलीवर मांडल्या. ज्या टिकलीभोवती जंतू उगवणार नाहीत ते औषध आपलं. ताटली उबेच्या पेटीत ठेवली, कडी लावली.

आणि वीज गेली. ट्रान्स्फॉर्मर उडाला. वायरमन म्हणाला, “उद्या दुपारच्या आत न्हाई.”

उबेची पेटी थंड पडली तर जंतू वाढणार नाहीत, आणि जंतू वाढले नाहीत तर सासरे जीपमध्ये चढणार. मी ताटली घेऊन घरी आलो. शालन म्हणाली, “शेजारच्यांची कोंबडी खुडूक बसलीय, तिच्याखाली ठेवू?” बुद्धी चांगली होती. पण कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा कितीतरी गरम. जंतूंची उसळ झाली असती.

“मग माणसाच्या अंगाएवढी ऊब कुठून आणायची?” ती म्हणाली, आणि दोघंही माझ्या पोटाकडं बघायला लागलो.

आता इथून पुढं लोक हसतात. हसा. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्यात, वाघाला पत्ता सांगितल्याची सुद्धा, पण ही थाप नाही. शालननं ताटलीचं झाकण चिकटपट्टीनं गच्च बंद केलं, कागदात गुंडाळली, माझ्या बेंबीवर पालथी ठेवली आणि स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं बाळंतिणीसारखं पोट बांधून दिलं. वर शाल. बुधवारच्या तिन्हीसांजेपासून गुरुवारच्या दुपारपर्यंत मी हललो नाही. कुशीवर वळलो नाही, खोकलो नाही. शिंक आली ती परत पाठवली. शालननं घास भरवले.

“आठवा महिना लागल्यासारखे दिसताय,” ती म्हणाली.

“हसवू नकोस. तुझे वडील हलतील.”

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. “अहो, तात्यांनी तुम्हाला कधी जवळसुद्धा बसवलं नाही.”

“म्हणून काय झालं,” मी म्हणालो. “मी बसवलंय की.”

गुरुवारी दुपारी दोन वाजता सबनीस बाईंच्या टेबलावर पट्टा सोडला. ताटली उघडली. गुलाबी! काठोकाठ गुलाबी ठिपके, होळीला उधळल्यासारखे. आणि पाच टिकल्यांपैकी चार टिकल्यांना जंतू अगदी खेटून वाढलेले, कंपाउंडरच्या गोळीच्या टिकलीला तर मिठी मारून. फक्त एकीभोवती स्वच्छ गोल रिंगण. विहिरीची जागा आखावी तसं.

बाई कितीतरी वेळ ताटलीकडं आणि माझ्या पोटाकडं आळीपाळीनं बघत होत्या. “जनार्दन, हे पुस्तकात नाही.”

“बाई, पुस्तकात वीज जात नाही.”

शुक्रवारी सकाळी जीप आली ती आलीच, पण शहराकडं न जाता आमच्या दवाखान्याकडं वळली. रोज दोन सुया, वर सलाईन. पहिल्या दिवशी तात्यांनी दवाखान्याच्या भिंतीत पाणी दाखवलं. तिथून नळाची लाईन जात होती, त्यामुळं तेही खोटं म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी ते नुसते झोपले. चौथ्या दिवशी सकाळी वहिनी भाकरी घेऊन आली, तेव्हा त्यांनी भाकरी हातात घेऊन उलटीपालटी केली.

“कौसा, ह्या भाकरीला नव्या मातीचा वास कसा? चूल बदलली?”

“व्हय,” ती म्हणाली.

“जुनी काय झाली? कुनी फोडली?”

विलास खिडकीबाहेर बघू लागला. तात्यांनी एकेकाचं तोंड बघितलं आणि शेवटी माझं. त्यांना काय काय आठवत होतं, मी आजवर विचारलं नाही. घरी जाताना मला म्हणाले, “येतो पाव्हणं,” एवढंच, आणि मला वाटलं, चला, पुन्हा पाट, पुन्हा चार हात.

त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी गावासाठी जागा दाखवली. पस्तीस हातांवर सुरुंग लागला आणि पाणी आलं. सारा गाव विहिरीच्या काठावर. पंप चालू झाला, पाईपातून पाणी उसळलं, पोरंबाळं धावली. तात्यांनी काठी आडवी धरली. “कुनी तोंड लावायचं न्हाई. पयलं जाऊ द्या.”

रिवाज असा की पहिला पेला सरपंचाचा. सरपंच पुढं सरसावले. तात्यांनी पितळी पेला मधल्या धारेखाली धरला, भरला आणि मी गर्दीत मागं उभा होतो तिथं, माझ्याकडं आले.

“ह्ये कोन?” सरपंच म्हणाले. “हां, हैबती, तुझं जावई न्हवं? पाणीखात्यातलं.”

तात्या थांबले. न्हावी तिथंच होता. त्याला ऐकू जाईल अशा बेतानं त्यांनी आवाज चढवला.

“पाणीखात्यात न्हाई. दवाखान्यात मूत तपासतो. माझं तपासलं. म्हनून मी हितं हुभा हाय, आन् म्हनून ही हीर हाय.”

पंप तेवढा धडधडत होता.

“घे जना,” त्यांनी पेला पुढं केला. “मधलं हाय.”

मी पेला घेतला. आणि काय सांगू, हातांना वळण पडलेलं! मी तो पेला उन्हाकडं धरला, जरा हलवून बघितला, नाकाजवळ नेला—

“आरं पी की लेका!” तात्या ओरडले. “तपासतोस काय!”

सारा काठ खदाखदा हसला. तात्या सगळ्यांत मोठ्यानं, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मी प्यायलो. गोड होतं.